आमचे समाधानी ग्राहक

कंपनीच्या वेबसाइटवर ‘आमचे समाधानी ग्राहक’ नावाचं एक पान असतं आणि त्यावर ग्राहक सोडून बाकी सगळं असतं. आमच्याकडे, म्हणजे वेबसाइटी करणाऱ्यांकडे, असं पान दुरुस्तीला येतं तेव्हा त्याची प्रकृती ठरलेली असते. वर हस्तांदोलन करणारे दोन गोरे हात, खाली आपोआप सरकणारी पट्टी, पट्टीत मालकांचा पासपोर्ट साइज फोटो आणि शेजारी अवतरणचिन्हांत, ‘उत्कृष्ट सेवा, तत्पर सहकार्य. पुढील वाटचालीस शुभेच्छा!’ हे चाकणचे फोर्जिंगवाले म्हणाले की सांगलीचे हळदवाले, हे नावं झाकली तर त्यांनाही सांगता येणार नाही.

बैठकीत मार्केटिंगला रंग बदलायचा असतो, सेल्सला लोगो मोठे हवे असतात आणि साहेबांना ‘जरा पॉप व्हायला हवं’ असतं. रंगाला आम्ही शेवटी हात लावतो. आधी एक शीट उघडायची आणि असतील नसतील त्या गोष्टी ओळीनं मांडायच्या: ग्राहक, धंदा, गाव, काय अडत होतं, काय बदललं, आकडा, तो कुणी मोजला, परवानगीचा मेल कुठाय. पहिले तीन रकाने पटापट भरतात. ‘काय अडत होतं’पाशी घोडं अडतं. ग्राहकाची अडचण छापायला कंपनीला संकोच वाटतो आणि वाचणारा तर नेमका तीच बघायला आलेला असतो. आपल्यासारखाच गोंधळ आणखी कुणाकडे होता हे कळल्याशिवाय तो फोन करत नाही.

‘कुणी मोजला’ हा रकाना तर सहसा कोरा करकरीत. वर मात्र ठळक अक्षरांत ‘३०० टक्के वाढ’. दोन ऑर्डरींच्या आठ झाल्या तरी वाढ ३०० टक्केच भरते. म्हणून टक्का पुसून कच्चा हिशेब मागायचा: माल पाठवतानाचं एक चलन काढायला आधी २० मिनिटं लागत, आता ६; कधीपासून, आणि रोजची चलनं किती. शिवाय जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतली शिफारस खरी, अनुभवावर आधारलेली आणि बऱ्यापैकी ताजी असावी लागते. पानावरचे गृहस्थ तीन वर्षांपूर्वीच दुसऱ्याचं सॉफ्टवेअर वापरू लागलेले असतात. इथं मात्र अजून हसताहेत.

खरं काम मुलाखतीचं. प्रश्नावली मेलवर पाठवू नये. तिचं उत्तर ‘उत्कृष्ट सेवा’ हेच येतं. पाऊण तास फोनवर बोलावं, तेही मालकांशी नाही, स्टोअर सांभाळणाऱ्याशी. कंपनीच्या वतीनं विचारावं: आमच्याआधी हे काम कसं चालायचं? घ्यायला विरोध कुणी केला? आमचं अजून काय खटकतं? या शेवटच्या प्रश्नाला लाइनवरच्या सेल्सवाल्याला ठसका लागतो. लागू द्यावा. मग कुठं ‘गाडी गेटवर उभी, चलन सापडेना, आणि सापडलं की ड्रायव्हर चहाला गेलेला’ असं सोन्यासारखं वाक्य मिळतं. ते मंजुरीसाठी ग्राहकाच्या वरिष्ठांकडे जातं आणि परत येतं ते असं: ‘डिजिटल परिवर्तनाद्वारे डिस्पॅच प्रक्रियेचे सक्षमीकरण.’ यावर उपाय एकच. नाव, फोटो, लोगो, आकडा आणि वाक्य यांची परवानगी वेगवेगळी मागायची. नाव नाकारलं तर ‘चाकणचा एक सुट्या भागांचा पुरवठादार’ म्हणायचं, पण चहाला गेलेला ड्रायव्हर सोडायचा नाही.

मांडणी त्यामानानं सोपी. मथळ्यात अडचण आणि आकडा, मग काय केलं, कुठं वेळ लागला, आणि अवतरण ज्या दाव्याचं त्याच्या शेजारी. ‘१९९८ साली लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष’ हे नमनाचं घडाभर तेल तळाशी. ग्राहकांच्या गोष्टी अकरा आणि फिल्टर नऊ असले की वाचक ‘कृषी’ दाबतो आणि ‘काहीही सापडले नाही’ हेच वाचतो. वीसेक गोष्टी होईपर्यंत फिल्टर नकोच. गोष्टीच्या पीडीएफला फॉर्मचं कुलूप घालू नये. आमची स्तुती वाचायची तर आधी मोबाइल नंबर द्या, ही मागणी लोकांना पटत नाही. आपोआप सरकणारं काही पाच सेकंदांहून जास्त चाललं तर ते थांबवायची सोय हवी, असं सुगम्यतेचे, म्हणजे वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता यावी यासाठीचे, नियम सांगतात. आम्ही पट्टीच काढून टाकतो. स्वतःच्या पानावर स्वतःला पाच तारे देऊनही उपयोग नाही, गूगलने कंपन्यांचे असे तारे शोधनिकालात दाखवणं सप्टेंबर २०१९ मध्येच थांबवलं.

मराठी कार्डांचं, म्हणजे पानावरच्या एकेका ग्राहकाच्या चौकटीचं, दुखणं निराळं. डिझाइन इंग्रजी मजकूर घालून मंजूर होतं, ओळींची उंची अक्षरांच्या आकाराच्या १.२ पट ठेवलेली असते आणि चौकटीबाहेर जाईल ते कापलं जातं. मराठी भरली की उकार गळतात आणि ‘ग्राहक खूश’चं ‘ग्राहक खश’ होतं. उंची १.६ पटीच्या आसपास ठेवा, चौकटीला पक्की उंची देऊ नका. लोगो एसव्हीजीमध्येच, म्हणजे कितीही मोठा केला तरी न फुटणाऱ्या फाइलमध्ये, मागा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला लोगो फुटतो. सगळे एकाच उंचीचे केले की लांबुळके लोगो भिंत व्यापतात आणि गोल लोगो टिकलीएवढे दिसतात, तेव्हा ते नजरेनं जुळवावे लागतात. पानांचे जुने वेबपत्ते नव्या पानांकडे ३०१ ने, म्हणजे ‘पत्ता कायमचा बदलला’ या खुणेनं, वळवायचे आणि निदान वर्षभर तसेच ठेवायचे. सेल्सची जुनी कोटेशनं त्याच लिंकांवर जगत असतात.

शीटमधला शेवटचा रकाना दर सहा महिन्यांनी भरायचा: ‘अजून ग्राहक आहे का?’ सेल्स म्हणतं सपोर्टला विचारा, सपोर्ट म्हणतं सेल्सला. अकाउंट्सला मात्र सगळं तोंडपाठ असतं: पानावर सर्वांत वर हसणाऱ्या साहेबांकडून मार्चपासूनचं येणं बाकी आहे.