भेकावर मीठ टाकण्यापूर्वी

सोलापुरात पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री माझ्या भाच्याने न्हाणीघराबाहेर बसलेल्या भेकावर, म्हणजे खडबडीत कातडीच्या बेडकावर, मूठभर मीठ फेकले. 'आंबोलीचा पिवळा भेक परदेशातून आला आहे, नुसत्या स्पर्शाने माणूस दगावतो, चामखिळी उठतात, दिसताच मीठ टाकून मारा' हा संदेश घरच्या ग्रुपवर माझ्या थोरल्या बहिणीनेच पाठवला होता.

आधी मिठाचे पाहू, कारण त्यातला अघोरीपणा कोणाच्या लक्षातच येत नाही. भेक तोंडाने पाणी पीत नाही, ते कातडीतून शोषतो, आणि काही अंशी श्वासही तिच्यातूनच घेतो. तिच्यावर मीठ पडले की अंगातले पाणी बाहेर ओढले जाते आणि जीव तडफडत राहतो. आमच्या दारातला भेक मागच्या पायांनी स्वतःचीच पाठ खरवडत होता. चार तांबे पाणी ओतल्यावर कुठे तो थांबला. तो पिवळा होता हे खरे, पण आपल्याकडच्या साध्या भेकाचे नर विणीच्या दिवसांत काही काळ हळदीसारखे पिवळे पडतात. त्याचा आंबोलीशी काडीचा संबंध नाही.

संदेशात परदेशी असेल तर तो फक्त फोटो. तो कोलंबियातल्या सोनेरी विषारी बेडकाचा आहे आणि त्याचे विष खरोखरच जीवघेणे असते. आंबोलीच्या भेकाचे वर्णन बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केले, तेव्हा त्यांनी 'झँथोफ्रायनी' ही स्वतंत्र प्रजातीच, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली. तीत हा आणि १९६३ मध्ये वर्णन झालेला कोयनेचा भेक अशा दोनच जाती असून सह्याद्रीबाहेर त्या जगात कुठेही नाहीत. कातळावर साचलेल्या उथळ पावसाच्या पाण्यात अंडी घालणाऱ्या आणि रस्त्यावर गाड्यांखाली चिरडल्या जाणाऱ्या या भेकाची नोंद आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली. असा प्राणी दिसताच मारायचा!

चामखीळ माणसांतल्या विषाणूमुळे होते, तो मुद्दा तिथेच संपला. विषाबाबत मात्र एवढे मान्य करावे लागते की साध्या भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींत विष असते. कुत्र्याने त्याला तोंडात धरले तर फेस येतो, आणि भेक खाल्ला तर माणसालाही धोका आहे. हात लागल्यास साबणाने धुणे पुरेसे होते. ताईला हे सारे सांगितल्यावर तिने संदेश काढून टाकला, पण तोवर तो भाच्याच्या वर्गाच्या ग्रुपवर पोहोचला होता.