आलिशान कारवाला बोलतोय

मी श्रीमंत आहे हे मला गाडी घेतल्यावर कळलं. गाडी म्हणजे काय, तर एका डॉक्टरांनी भरपूर वापरून, कंटाळून विकलेली जर्मन सेडान, बोनेटवरचं चिन्ह तेवढं चकाचक, बाकी सगळं वयोमानानुसार, आणि ती मला पडली नव्या वॅगनआरपेक्षा स्वस्तात. हे मी भेटेल त्याला सांगतो. कोणी ऐकत नाही, सगळे चिन्हाकडे बघत असतात.

परवा मंडईबाहेर वीसची कोथिंबीर पंधराला मागितली तर मावशी गाडीकडे बघून म्हणाल्या, "एवढ्या गाडीतनं येता दादा, नि पाच रुपयांसाठी भांडता होय?" झालं, माझ्या डोक्यात लगेच छापून आलं: 'आलिशान कारमधून उतरला अन् भाजीवालीशी हुज्जत, पाहा व्हिडिओ'. शेजारी स्कूटरवाला तीच जुडी दहाला मागत होता, पण त्याचा व्हिडिओ कोण बघणार!

तुम्ही बातम्या नीट बघा. वॅगनआरनं खांब पाडला तर 'कारची खांबाला धडक', टेम्पो ठोकून पळाला तर 'अज्ञात वाहन'. पण गाडी महाग असली की आधी ब्रँड, मग किंमत, मग बापाचा धंदा, आणि लागलं कोणाला ते चौथ्या परिच्छेदात. शिवाय ती गाडी कायम 'भरधाव'. माझी चढावर सेकंड गिअरमध्ये धापा टाकते, पण उद्या नाल्यात गेली तर '60 लाखांची कार नाल्यात' असंच येणार, कारण किंमत नेहमी शोरूममधल्या नव्या गाडीची लिहितात. इन्शुरन्सवाला आयडीव्ही, म्हणजे गाडीची आजची किंमत, किती लावतो ते विचारा की कधी.

2023 मध्ये गुरुग्रामला जी-20 साठी रस्त्यावर मांडलेल्या कुंड्या दोघांनी उचलून गाडीत भरल्या. कुंड्या चोरल्या यात काय आहे हो, पण गाडी निघाली किया कार्निव्हल, मग काय, '40 लाखांच्या कारमधून आले आणि कुंड्या घेऊन गेले', देशभर. रिक्षातून नेल्या असत्या तर लोकल पानावरसुद्धा जागा मिळाली नसती. त्याच्या आदल्या वर्षी पंजाबात होशियारपूरला एकजण मर्सिडीजमधून रेशनचा दोन रुपये किलोचा गहू न्यायला आला, तोही व्हायरल. तो म्हणाला गाडी परदेशातल्या नातेवाइकाची आहे. खरं खोटं देव जाणे, पण खुलासा कोण वाचतं, हेडलाइन आधीच गावभर फिरून आलेली असते.

आता सगळीकडेच हे चूक असं मी म्हणणार नाही. 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरात पोर्शनं दोन तरुण इंजिनीअरांचा जीव घेतला, चालवणारा 17 वर्षांचा, 300 शब्दांचा निबंध लिही सांगून आधी जामीन, पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप. तिथे गाडीचं नाव लिहायलाच हवं होतं कारण सगळं प्रकरणच पैशाचं होतं. त्यातला मला सगळ्यात जास्त झोंबलेला तपशील म्हणजे त्या एवढ्या गाडीचं रजिस्ट्रेशन 1,758 रुपयांची फी न भरल्यामुळे अडलं होतं. मी माझ्या म्हातारीची पीयूसीसुद्धा वेळेवर काढतो राव.

पण खरी कसोटी आत्याकडे. लाडक्या बहिणींच्या घरी चारचाकी आहे का याची तपासणी सुरू झाली तेव्हा नेमका मी गावी गेलो. कुटुंबात कोणाच्या नावावर चारचाकी असली की महिन्याचे 1500 बंद. मी अंगणात गाडी लावतोय तोवर आत्या पदर खोचून धावत बाहेर. "अरे मेल्या, लांब ने ती! अंगणवाडीच्या बाई येऊन गेल्या नाहीत अजून!"

"आत्या, मी तुझ्या कुटुंबात येत नाही, आपलं रेशनकार्ड वेगळं."

"ते तुला माहीत, मला माहीत. गल्लीला काय माहीत? देवळामागं लाव, आणि त्या चिन्हावर फडकं टाक."

मी म्हटलं, अगं समोर तात्यांच्या दारात बघ, माझ्या गाडीच्या दुप्पट किमतीचा नवाकोरा ट्रॅक्टर उभाय, काकूंचे पैसे कसे येतात मग?

"ट्रॅक्टर चालतो," आत्या म्हणाली, "सरकारनंच सांगितलंय. तू पण तसलं काहीतरी घ्यायचंस की."