सतरा अंकांत गुंडाळलेली टोळी

मार्व्हलची 'द चॅम्पियन्स' ही सुपरहिरोंच्या टोळीची जुनी कॉमिक मालिका परत एकदा सलग वाचून काढली. ऑक्टोबर १९७५ ते जानेवारी १९७८, अंक १७, खेळ खलास. हिचं नाव काढलं की कॉमिक्सवाले लोक हसतात. "कुणाचा कुणाशी मेळ नाही" हा ठरलेला शेरा. मला विचाराल तर मेळ नसणं हीच या टोळीची पुंजी होती. ती कुणी वापरलीच नाही.

माणसं बघा. एंजल आणि आइसमॅन, एक्स-मेनमधून बाहेर पडलेली दोन पोरं. ब्लॅक विडो, रशियाची माजी हेर. हर्क्युलिस, साक्षात देव (याची बडबड मला अजूनही सहन होत नाही). आणि पेटत्या कवटीचा घोस्ट रायडर. लेखक टोनी इझाबेलाला फक्त पहिल्या दोघांची गोष्ट लिहायची होती. पण संपादक लेन वाइननी अटी घातल्या: टीम म्हणजे निदान पाच जण, त्यात एक बाई, एक ताकदवान गडी आणि एक असा, ज्याचं स्वतःचं कॉमिक चालू आहे.

आपल्या सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात राज्य नाट्य स्पर्धेला उतरलेल्यांना ही पात्रयोजना ओळखीची वाटेल. बाईचं काम कोण करणार, धिप्पाड कोण आहे, कुणाला संध्याकाळी सवड आहे! असल्या जुळवाजुळवीतूनही सांगलीत चांगली नाटकं उभी राहिली आहेत, कारण ती मंडळी तालमीत रोज एकमेकांशी भांडतात. चॅम्पियन्सना तालीमच मिळाली नाही.

पहिल्या अंकाची सुरुवात मात्र झकास आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात एंजल-आइसमॅन शिकताहेत, हर्क्युलिस पुराणकथांवर व्याख्यान द्यायला आलाय, आणि नताशा, म्हणजे ब्लॅक विडो, रशियन शिकवायची नोकरी मागायला. जगातली अव्वल हेर नोकरीच्या अर्जावर! अख्खी मालिका या एका धाग्यावर चालली असती. पण पाताळाचा देव प्लुटो, त्याची फौज येते, ऑलिंपसच्या देवांची लग्नं मध्ये येतात आणि नोकरीचा विषय मागे पडतो.

पुढे टीमला पैसा एंजलच्या वारसाहक्काचा आणि हुकूम नताशाचा. १९७५ची अमेरिका, शीतयुद्ध चालू, आणि टोळीची म्होरकी एक रशियन बाई. पैसे पुरवणाऱ्याचं आणि हुकूम सोडणारीचं एकदा तरी कडाक्याचं वाजायला नको? सामान्य माणसाच्या हाकेला धावायचं असं एंजलच्या मनात होतं म्हणे. पण तो सामान्य माणूस पानावर शोधावा लागतो, आणि लॉस एंजेलिस बहुतेक वेळा मागचा पडदा म्हणूनच उभं असतं.

सातव्यापासून दहाव्या अंकापर्यंत गाडी रुळावर येते. नताशाचा रशियातला भूतकाळ दारात येऊन उभा राहतो आणि तिच्या इव्हानचा, त्या जुन्या निष्ठावंत माणसाचा, मुलगाच क्रिमझन डायनामो, म्हणजे चिलखतातला रशियन खलनायक, होऊन समोर येतो. इथे लढाईला कारण आहे.

पण घडी बसायच्या आत हात बदलत राहिले. इझाबेला गेला, एक अंक क्लेअरमाँटने लिहिला, आठव्यापासून बिल मँटलो. चित्रांचंही तेच. अकराव्याला जॉन बर्न आला आणि पानं एकदम जिवंत झाली. पण १९७७ संपता संपता त्याचं नाव एक्स-मेनवर दिसायला लागलं. दैव बघा, एंजल-आइसमॅन लॉस एंजेलिसला आले त्याच १९७५ साली त्यांच्या जुन्या घरात, एक्स-मेनमध्ये, नवी माणसं आली आणि पुढे त्या घराचं सोनं झालं. चॅम्पियन्सचे राहिलेले धागे १९७८मध्ये स्पायडरमॅनच्या कॉमिकमध्ये दोन अंकांत आवरले. स्वतःचा शेवटही स्वतःच्या पानांवर नाही.

लॉस एंजेलिस हे शहरच चुकलं म्हणून मालिका बुडाली असं कुणी म्हणेल, तर तेही पटत नाही. त्याच पश्चिम किनाऱ्यावर १९८४ला ॲव्हेंजर्सची शाखा निघाली आणि पुढची मालिका शंभराच्या वर अंक चालली. २०१६मध्ये मार्क वेडने 'चॅम्पियन्स' हे नाव पोरसवदा हिरोंना दिलं. बरी आहे ती. पण म्होरक्या बाईची नोकरी, एंजलचे पैसे, हर्क्युलिसला भाड्याच्या घरात कसं ठेवायचं, ही गोष्ट अजून कुणी लिहिलेली नाही.

विश्रामबागेतल्या माझ्या भाच्याला ब्लॅक विडो फक्त सिनेमातली माहीत. त्याला मी सात ते दहा वाचायला दिलेत, मग अकरापासून पुढे. प्लुटोचे अंक नंतर, तेही त्याने मागितले तरच.