हाँगकाँगच्या मॉलमध्ये खुशाल जेवा

हाँगकाँगची तिकिटं काढल्याची बातमी फुटली की दोन-चार दिवसांत कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर एक मजकूर येऊन पडतोच. खाली नाव नसतं, आत्मविश्वास मात्र दांडगा. सांगणं असं: मॉलमधल्या 'चा चान तेंग'मध्ये जेवू नका. ते पर्यटकांसाठी थाटलेलं नकली प्रकरण आहे. तिथलं खाणं खरं कँटोनीज, म्हणजे दक्षिण चीनच्या कँटन भागातलं, नाही, इंग्रजांची नक्कल आहे. चहा पायमोज्यातून गाळतात. सगळ्यात अजिनोमोटो असतो, म्हणून डोकं दुखतं. वेटर अंगावर येतात. आणि शाकाहारी माणसाने तर तिकडे फिरकूसुद्धा नये. शेवटी 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा' आहेच. भरपूर पोहोचलाय, आता उत्तरही पोहोचू दे.

ज्यांना ही जागाच ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी एवढंच: चहा, पाव, अंडी, नूडल्स, भात असं सगळं एका छपराखाली, झटपट आणि बेताच्या दरात देणारं हे हाँगकाँगी उपाहारगृह. दुपारी ए, बी, सी असे ठरलेले सेट असतात. त्यात एक मुख्य पदार्थ, बऱ्याचदा सूप, आणि चहा किंवा कॉफी. थंड पेय हवं असेल तर दोन-तीन हाँगकाँग डॉलर जास्त पडतात आणि ते मेनूवर छापलेलं असतं. याला फसवणूक म्हणणारेही भेटले आहेत, त्यांना नमस्कार.

पहिला आरोप, मॉलमधलं म्हणजे पर्यटकांचं. लिहिणाऱ्याने हाँगकाँगकडे आपल्याकडच्या डोळ्यांनी पाहिलंय. आपल्याकडे मॉल म्हणजे रविवारची चक्कर, पार्किंगची रांग आणि मुलांचा हट्ट. हाँगकाँगमध्ये तो रोजच्या वाटेवर असतो. तिथली मेट्रो कंपनी स्टेशन बांधते तेव्हा त्याच्या डोक्यावर आणि आजूबाजूला घरं आणि दुकानंही उभी करते. त्यामुळे गाडीतून उतरून घरी जायची वाटच बऱ्याच ठिकाणी मॉलमधून जाते. शा तिनचं न्यू टाउन प्लाझा १९८४ साली सुरू झालं ते नावाप्रमाणे नव्या वसवलेल्या उपनगरासाठी. सरकारी भाड्याच्या वसाहतींमध्ये तर मॉल हा वसाहतीचाच भाग असतो. भाजीबाजार, डॉक्टर, शिकवणी, न्हावी आणि चा चान तेंग, सगळं तिथेच. हाँगकाँगची साधारण तीस टक्के लोकवस्ती अशा घरांत राहते. ही माणसं दुपारी जेवायला कुठे जात असतील? आणि उन्हाळ्यात पारा ३३ अंशांवर आणि हवा चिकट असताना, वातानुकूलित जागा सोडून गल्लीतल्या 'अस्सल' टपरीवर घाम गाळत बसायची हौस पाहुण्यांनाच असते. दुपारी एकच्या सुमारास अशा ठिकाणी नुसती नजर फिरवा. शाळेच्या गणवेशातली मुलं, वर्तमानपत्र घेऊन बसलेले आजोबा, कमरेला हत्यारांचा पट्टा असलेले कामगार, गळ्यात ओळखपत्र लटकवलेले कारकून. कॅमेरा गळ्यात अडकवलेला माणूस शोधावा लागेल.

यात एक खरी गोष्ट आहे, जी त्या मजकुरात नाही. २००५ साली सरकारी वसाहतींमधले बरेच मॉल आणि वाहनतळ 'लिंक' नावाच्या शेअर बाजारात नोंदलेल्या संस्थेकडे गेले. त्यानंतर भाडी वाढली, जुनी छोटी दुकानं उठली आणि साखळीवाले आले, अशी तक्रार रहिवासी वर्षानुवर्षं करत आले आहेत. मॉलवर टीका करायची तर ही करा, तिच्यात दम आहे. पण साखळी म्हणजे उपरी, असंही समजू नका. 'त्सुई वा' हे साखळीचं चा चान तेंग आज मॉलांमधून दिसतं, २०१२ साली ते शेअर बाजारातही उतरलं. मात्र त्याची सुरुवात १९६७ साली माँग कॉकमधल्या एका साध्या दुकानातली.

दुसरा आरोप मला सगळ्यात मजेशीर वाटतो: हे खरं कँटोनीज नव्हेच, इंग्रजांचं उष्टं आहे.

थोडं मागे जाऊ. १९४५ साली युद्ध संपलं तेव्हा हाँगकाँगची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती. पाच-सहा वर्षांत ती वीस लाखांवर गेली. चीनमधल्या यादवीतून आणि सत्तापालटातून पळालेली माणसं होती ती. साहेबी रेस्टॉरंटं त्यांच्या खिशाबाहेरची. मग बर्फ घातलेली पेयं, चहा, कॉफी, पाव असं देणारी 'बिंग सट' नावाची दुकानं फोफावली. त्यांचा परवाना हलक्या फराळापुरता असे, पूर्ण जेवण रांधायची मुभा नसे. ज्यांनी पुढे उपाहारगृहाचा पूर्ण परवाना घेतला, त्यांनी भात आणि नूडल्सही मांडले. चा चान तेंग उभं राहिलं ते असं. सेंट्रल भागातलं लान फोंग युएन १९५२चं, याउ मा तेई भागातलं मिडो १९५०चं.

आता ताटात बघा. हॅम घातलेली मॅकरोनी असते, पण ती रश्शात तरंगते. कुठल्या इंग्रजाने मॅकरोनी अशी खाल्ली? पोर्क चॉप असतो, पण त्याच्याखाली अंडं घालून परतलेला भात, वर टोमॅटोचा सॉस, आणि सगळं भट्टीत भाजलेलं. लाल सूप आलं शांघायमार्गे, क्रांतीनंतर देश सोडलेल्या रशियनांकडून. इथे येईपर्यंत त्यातलं बीट गळालं आणि टोमॅटो राहिला. बीफ नूडल्सवरचा साते मसाला आग्नेय आशियाचा. 'युन्युंग' नावाचं पेय म्हणजे कॉफी आणि दुधाचा चहा एकत्र. हे लंडनच्या कुठल्याही टी-रूममध्ये मागून पाहा, काय चेहरा होतो ते. याला नक्कल म्हणायचं असेल तर एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीचंही काहीतरी करावं लागेल. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, बटाटा, शेंगदाणा, मिरची, चारही अमेरिका खंडातून आलेले. उरलं जिरं आणि तूप. तरी ती आपल्या देवाला चालते.

हो, वाफवलेला मासा किंवा डिमसम (छोटे वाफवलेले घास) असं ठरावीक कँटोनीज हवं असेल तर त्याची वेगळी उपाहारगृहं आहेत, तिकडे जा. चा चान तेंगमध्ये जाऊन डिमसम नाही म्हणून रुसणं काही खरं नाही.

पायमोज्याचं प्रकरण चटकन मिटवतो. चहा लांबोड्या सुती पिशवीतून पुन्हा पुन्हा ओतून गाळतात. पिशवी चहाने तपकिरी होते आणि लांबून स्त्रियांच्या लांब मोज्यासारखी दिसते, म्हणून गमतीने पडलेलं ते नाव. आत सिलोनच्या दोन-तीन प्रकारच्या चहापत्तीचं मिश्रण, नंतर डब्यातलं आटीव दूध. हे कसब २०१७ साली हाँगकाँगच्या अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत गेलं. आपल्या चहाची सवय असलेल्याला तो कडक लागेल. आलं-वेलची शोधू नका.

अजिनोमोटोला मात्र जरा वेळ द्यायला हवा, कारण ही भीती आपल्या घरांत पक्की बसली आहे. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीतून ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटोला चव देणारा घटक, वेगळं काढलं. तेच पिकलेल्या टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये मुळातच असतं. भीती जन्मली १९६८ साली, अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रातून. चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेला बधिरपणा येतो, छाती धडधडते, असं एका डॉक्टरने लिहिलं आणि मीठ, वाइन, ग्लुटामेट असे काही अंदाज मांडले. लोकांनी त्यातला एकच उचलला. पुढे कोणाला काय दिलंय हे खाणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही, अशा चाचण्या झाल्या. त्यांत ठाम, सातत्याचा संबंध सापडला नाही. तीन ग्रॅम किंवा जास्त, तेही रिकाम्या पोटी दिल्यावर, काही थोड्या माणसांना तात्पुरता त्रास झाल्याची नोंद आहे. एका वेळच्या खाण्यात सहसा अर्धा ग्रॅमही नसतो. २०१५च्या मॅगीच्या गदारोळातही शिसं किती आणि पाकिटावर काय छापलंय हे मुद्दे होते, पण लोकांच्या लक्षात राहिला तो अजिनोमोटो. आणि हाच सल्ला पाठवणारा माणूस संध्याकाळी नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर ट्रिपल शेजवान घेऊन उभा असतो, हे सांगायचा मोह आवरत नाही.

तिथल्या जेवणानंतर तहान लागते, डोकं जड होतं, हे खोटं नाही. नूडल्सच्या रश्शात मीठ सढळ असतं आणि वर तो कडक चहा. रक्तदाब असेल तर रस्सा अर्धा सोडून द्या.

वेटरचं म्हणाल तर, गोड बोलणं तिथे मिळत नाही, कबूल. हाँगकाँगच्याच जॉर्डन भागातल्या 'ऑस्ट्रेलिया डेअरी कंपनी' नावाच्या चा चान तेंगची ख्याती तर अंड्यांइतकीच घिसाडघाईची आहे. पण कारण बघा. जागेचं भाडं अफाट, सेटचा दर साधारण ५० ते ८० हाँगकाँग डॉलर, आणि कचेऱ्यांची सुट्टी एक ते दोन अशी एकच तास. एवढ्यात टेबल तीनदा भरलं नाही तर मालकाचं गणित चुकतं. म्हणून ऑर्डर लगेच मागतात, बिल आधीच टेबलावर ठेवतात, चौघांच्या टेबलावर अनोळखी माणसाला आणून बसवतात. तो अपमान तुमचा एकट्याचा नसतो, शेजारच्या बँक मॅनेजरचाही तोच होतो. काय हवंय ते ठरवून मग बसा, बिल घेऊन काउंटरवर द्या. गप्पा मारत बसायचं असेल तर अडीचनंतर जा. तेव्हा दुपारच्या चहाचे सेट लागतात, ते स्वस्तही असतात.

शेवटचा आरोप, शाकाहाऱ्यांबद्दलचा, अर्धा खरा आहे. सूप बहुधा मांसाचं, भाज्यांवर कालवांचं सॉस, तळलेल्या भातात हॅमचे तुकडे. 'भाजीचं सँडविच' मागितलं तर हॅमचं येऊ शकतं, कारण हॅमला मांस समजतच नाहीत की काय अशी मला कधीकधी शंका येते. गोमांस टाळणाऱ्यांनी 'ङाऊ' हा उच्चार कानात ठेवावा. मेनूत बीफ म्हणजे तेच. अंडं चालत असेल तर मात्र मजेत जेवाल: अंड्याचं सँडविच, शेंगदाण्याचं बटर भरून तळलेला फ्रेंच टोस्ट, लाल चवळीसारख्या गोड दाण्यांचं बर्फाळ दूध. अननस बनमध्ये अननस नसतो, पण वरच्या कुरकुरीत थरात डुकराची चरबी असू शकते, तेव्हा कडक शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं. कांदा-लसूणही न खाणाऱ्या जैन मंडळींना तिथे लोणी-टोस्ट आणि चहावर भागवावं लागेल, आणि ते जेवण नव्हे. त्यांनी डायमंड हिल स्टेशनला उतरावं. मॉल ओलांडला की नान लियान बाग लागते. तिथे धबधब्यामागे ची लिन मठाचं उपाहारगृह आहे. स्वयंपाक बौद्ध पद्धतीचा, म्हणजे मांस तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. सुट्टीच्या दिवशी गर्दी होते, तेव्हा बाराच्या आत पोहोचा.