पिंपळ रात्री प्राणवायू देत नाही

पाऊस सुरू होऊन वृक्षारोपणाचे फोटो यायला लागले की एक संदेश हमखास फिरतो: पिंपळ 24 तास प्राणवायू देतो, तुळस 20 तास प्राणवायू आणि 4 तास ओझोन देते, बाकीची झाडं रात्री विषारी वायू सोडतात, त्यांच्याखाली झोपू नये. पिंपळ माझं लाडकं झाड आहे, म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

आधी रात्रीच्या प्राणवायूचं बघू. झाड जो प्राणवायू सोडतं तो पाण्याच्या रेणूतून सुटतो, आणि तो रेणू फोडायला उजेडच लागतो. शाळेत हायड्रिला या पाणवनस्पतीचा प्रयोग आपण केलेला असतो: भांडं उन्हात ठेवलं की बुडबुडे येतात, अंधारात नेलं की थांबतात. पिंपळाच्या पानातही हेच घडतं. रात्री तो इतर झाडांसारखाच फक्त श्वसन करतो, म्हणजे प्राणवायू घेतो.

मग ही समजूत आली कुठून? काही वनस्पती रात्री पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, उघडतात हे खरं आहे, आणि गोंधळ बहुधा तिथेच झाला असावा. निवडुंग, अननस, कोरफड, पानफुटी यांनी दिवसा रंध्रं उघडली तर पाणी उडून जातं. म्हणून त्या रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दिवस उजाडला की रंध्रं मिटून, त्याच साठ्यातून अन्न बनवतात. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1813 मधल्या एका पत्रात लिहिलं होतं की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं. किती साधं आणि किती अचूक निरीक्षण! पण याही वनस्पतींमध्ये प्राणवायू तयार होतो तो उजेडातच. रात्री त्या कार्बन डायऑक्साइड घेतात एवढंच.

तुळशीच्या ओझोनचा दावा तर सरळ चुकीचा आहे. तुळस ओझोन सोडत नाही. जमिनीलगतचा ओझोन आपल्या फुप्फुसांना त्रास देतो आणि पिकांची पानंही करपवतो. अंगणात तो मिळावा असं कुणालाच वाटणार नाही.

आणि झाडाखाली झोपण्याची भीती? हवेत जवळपास 21 टक्के प्राणवायू असतो. झाडाच्या श्वसनाने उघड्यावर त्यात जाणवेल असा फरक पडत नाही. बंद खोलीत शेजारी झोपलेला माणूस कुंडीतल्या रोपापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.

पिंपळाची खरी थोरवी त्याच्या फळात आहे, आणि ती या संदेशात कधीच नसते. ते फळ म्हणजे आत वळलेला फुलोरा. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान अशी एक खास गांधीलमाशी बारीक तोंडातून आत शिरते, परागीभवन करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. ती नसेल तर पिंपळाला बी धरत नाही, आणि पिंपळ नसेल तर तिला घर नाही. फळं पिकली की तांबट, कोकीळ आणि आपला राज्यपक्षी हरियाल यांची झाडावर झुंबड उडते. त्यांच्या विष्ठेतून पडलेलं बी मग वाड्याच्या भिंतीत नाहीतर पाण्याच्या टाकीखाली रुजतं. तसं रोप दिसलं तर पावसाळ्यात मुळं न तोडता काढा आणि इमारतींपासून दूर, मोकळ्या जागी लावा.