मेघालयात ‘बायकांचं राज्य’ नाही: एका फॉरवर्डला उत्तर

सोलापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर, विशेषतः भावकीच्या ग्रुपांवर, एक मजकूर फिरतो आहे. सारांश असा: मेघालयात बायकांचं राज्य आहे. सगळी इस्टेट धाकट्या मुलीला जाते, नवरे सगळे घरजावई, पुरुषाला काडीची किंमत नाही, म्हणून तिथले पुरुष आंदोलन करताहेत. आपल्याकडेही सातवाहनांच्या काळी मातृसत्ताच होती आणि मामाचा मान ही तिचीच खूण. शेवटी इशारा: मुलींना जमिनीत वाटा दिलात तर आपलीही तीच गत होईल. हा इशारा गळी उतरवण्यासाठीच आधीचं सगळं रचलेलं आहे, म्हणून एकेक विधान नीट पाहायला हवं.

‘बायकांचं राज्य’ इथूनच घोटाळा सुरू होतो. खासी, जैंतिया आणि गारो या मेघालयातल्या तिन्ही मोठ्या जमातींत मूल आईच्या कुळाचं असतं, हे खरं. खासी लोक या कुळाला कूर म्हणतात, आणि एकाच कूरमधल्या दोघांनी लग्न करणं हे तिथे घोर पाप. पण कूळ कोणाचं आणि हुकूम कोणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घरातले मोठे निर्णय, म्हणजे जमिनीचा व्यवहार, सोयरीक, भांडणतंटा, परंपरेने आईचा भाऊ घेतो. त्याला क्नी म्हणतात. गावचा कारभार बघणाऱ्या दोरबार श्नोंगमध्ये परंपरेने बायकांना स्थान नव्हतं आणि गावप्रमुख पुरुषच असायचा. सिएम, म्हणजे तिथला राजा, हाही पुरुष. फक्त गादी त्याच्या मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलाकडे जाते. गारोंमध्ये जमीन बायकोच्या कुळाची, पण नोकमा म्हणून तिचा कारभार पाहतो तो नवरा. आणि आजचं चित्र? २०२३ मध्ये मेघालयाच्या ६० जागांच्या विधानसभेत ३ स्त्रिया निवडून आल्या. १९७२ साली राज्य झाल्यापासून तिथे एकही महिला मुख्यमंत्री झालेली नाही. मानववंशशास्त्र यासाठीच मातृवंश (कूळ आईकडून) आणि मातृसत्ता (हुकूम बाईचा) हे शब्द वेगळे ठेवतं. मेघालयात मातृवंश आहे.

‘सगळी इस्टेट धाकट्या मुलीला’ हे अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळेच पटकन पटतं. खासी कुटुंबातली धाकटी मुलगी, का खद्दुह, आईचं राहतं घर आणि वडिलोपार्जित मालमत्तेचा मुख्य भाग सांभाळते. सांभाळते, हे महत्त्वाचं. मामांच्या आणि कुळातल्या मोठ्यांच्या संमतीशिवाय तिला ती मालमत्ता विकता येत नाही. म्हाताऱ्या आईबापांचं तिनेच करायचं. घटस्फोट होऊन किंवा बायको वारल्यावर घरी परतलेल्या भावाला तिनेच आसरा द्यायचा, घरातले धार्मिक विधी आणि अंत्यविधी तिच्याच अंगावर. तिने कूरमध्येच लग्न केलं, तर परंपरेने तिचा हा मान जातो आणि तिच्या वरच्या बहिणीकडे येतो. घरात मालमत्ता पुरेशी असेल तर थोरल्या मुलींनाही हिस्सा मिळतो. खासी डोंगरांच्या दक्षिण उतारावरच्या वार भागात तर मुलांनाही वाटा देण्याची रीत आहे. गारोंमध्ये वारस मुलगी धाकटीच असते असं नाही. आईबाप मुलींपैकी एकीची निवड करतात.

स्वतः कमावलेल्या मालमत्तेचा हिशेब आणखी वेगळा. १९८४ च्या मेघालयाच्या कायद्याने खासी आणि जैंतिया व्यक्तीला स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देता येते, मुलालासुद्धा. इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्राचे मिनांगकाबाउ मातृवंशीय आहेत आणि मुसलमानही. तेही पिढीजात ‘पुसाका तिंगी’ आणि स्वकष्टाची ‘पुसाका रेंदाह’ वेगळी धरतात: पहिली मुलींच्या रेषेने जाते, दुसरीला वारशाचे वेगळे नियम. फॉरवर्डात हा फरक कुठेच नाही, आणि तो गाळला की ‘सगळी इस्टेट’ असं म्हणणं सोपं होतं.

‘नवरे सगळे घरजावई’ हेही चूक. सासूच्या घरी कायमचा राहायला येतो तो मुख्यतः धाकट्या मुलीचा नवरा. थोरल्या मुली एकदोन मुलं झाली की नवऱ्यासह वेगळं घर थाटतात. जैंतियांमध्ये जुनी रीत अशी की नवरा आपल्या आईच्याच घरी राहायचा आणि रात्री बायकोकडे जायचा. चीनच्या युनान-सिचुआन सीमेवर लुगू सरोवराकाठच्या मोसो लोकांतही अशीच रीत आहे. तिथे मुलांना मामा वाढवतात. मात्र त्याच मोसोंच्या सरदार घराण्यांत गादी बापाकडून मुलाकडे जायची. एका समाजातसुद्धा एकच नियम सगळ्यांना लागू असेल असं धरून चालत नाही.

पुरुषांची संघटना आहे, हे खरं. सिंखोंग रिम्पेई थिम्मई १९९० मध्ये स्थापन झाली. मुलांना बापाचं कूळ लावावं आणि मालमत्ता मुलगा-मुलगी दोघांत वाटावी, ही तिची मागणी. तिच्यात तथ्य आहे का, यावर खासी समाजात गंभीर चर्चा चालू आहे आणि ती त्यांनी करावी. पण दुसऱ्या बाजूचं एक उदाहरणही लक्षात घ्या. २०१८ मध्ये खासी हिल्स स्वायत्त जिल्हा परिषदेने एक विधेयक मंजूर केलं: खासी मुलीने बिगरखासी पुरुषाशी लग्न केलं तर तिचा आणि तिच्या मुलांचा खासी दर्जा जावा. राज्य खरोखर बायकांचं असतं, तर त्यांच्या लग्नावर असं बंधन घालायला कोण धजलं असतं?

आता सातवाहन. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, अशी आईच्या नावाने ओळखली जाणारी नावं पाहून मातृसत्ता सिद्ध झाली असं म्हणतात. नावं नीट वाचा. पुळुमावी हा गौतमीपुत्राचा मुलगा. नाशिकच्या पांडवलेणीत पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे आणि त्यात ती राजाची आजी म्हणून बोलते. गादी मातृवंशाने गेली असती, तर ती मामाकडून भाच्याकडे आली असती आणि दोघांच्या आया एकाच कुळाच्या असत्या. इथे आजी गौतमी आणि आई वासिष्ठी. दर पिढीला आईचं गोत्र बदलतंय, म्हणजे राण्या बाहेरून येताहेत आणि गादी बापाकडून मुलाकडेच जाते आहे. आईच्या नावाचा मान मोठा, पण तो वंशाचा नियम ठरत नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचं नाव बंधनकारक आहे. तेवढ्याने सोलापूर जिल्हा मातृवंशीय होतो का?

मामाचं तसंच. मामाची मुलगी करणं आपल्याकडे चालतं, आणि सोलापुरातल्या अनेक तेलुगू व कन्नड घरांत मामा-भाचीचं लग्नही होतं. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेचे विभाग पाडून दाखवले. त्यांत महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला आहे. मामाशी सोयरीक हा दोन घराण्यांतला देवघेवीचा नियम, वंशाचा नाही. मामाचा मान पितृवंशीय समाजांतही सापडतो. दक्षिण आफ्रिकेतल्या थोंगा लोकांमध्ये मामा-भाच्याचं नातं असंच लाडाचं असतं आणि ते पितृवंशीय आहेत, हे मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउनने १९२४ मध्येच मांडलं.

ज्यांना पटत नसेल त्यांनी स्वतःच्या घरची वंशवेल काढून पाहावी. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन आडव्या रेघा. स्वतःपासून सुरुवात करून आई, आईची आई असं वर जा आणि तिथून फक्त बायकांमधून खाली उतरा. या वाटेवर येणारे सगळे रंगवा. मामा रंगेल, मामाची मुलं रंगणार नाहीत, मावशीची रंगतील. मग विचारा: आडनाव, कुलदैवत, सातबारा यातलं काय या रंगवलेल्या माणसांत राहतं? सोलापूरच्या बहुतेक घरांत उत्तर येईल, काहीच नाही. खासी घरात कूर तर राहीलच, आणि जुन्या रीतीत मृताच्या अस्थीसुद्धा: नवऱ्याच्या अस्थी बायकोच्या कुळाच्या दगडी अस्थिघरात ठेवत नाहीत, त्या त्याच्या आईच्या कुळाकडे परत जातात.

कूळ, घर आणि हुकूम एकच धरण्याची ही चूक खासी घरांचं सर्वेक्षण करणारे विद्यार्थीही करतात. ‘कुटुंबप्रमुख’ हा एकच रकाना भरला की खासी घरात नवऱ्याचं नाव येतं किंवा सासूचं. निर्णय घेणारा मामा दुसऱ्या घरी राहत असल्यामुळे यादीतच येत नाही. म्हणून चार गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात: मूल कोणत्या कुळाचं, लग्नानंतर कोण कुठे राहतं, मालमत्तेचा कागद कोणाकडे असतो, विक्रीला कोणाची संमती लागते. आणि बाईला व पुरुषाला वेगवेगळं बसवून विचारावं.

आता तो इशारा. मातृवंशाने खासी मुलीला सत्ता दिली नाही, पण पायाखाली घर दिलं. नवरा सोडून गेला तरी ती रस्त्यावर येत नाही, मुलं तिच्याच कुळात राहतात, मुलगी जन्मली म्हणून घर हिरमुसत नाही. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मेघालयात ९७० मुली होत्या, महाराष्ट्रात ८९४. मुलींना वाटा दिल्याने वाईट गत होते म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

शिवाय आपल्याकडे मुलीला मागितला जातो तो भावाइतकाच हिस्सा, भावाऐवजी नव्हे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलगी जन्माने समान हिस्सेदार झाली. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरीही वडील गेले की तेराव्याच्या आत ‘बहिणी सोडून देतील’ असं गृहीत धरून हक्कसोडपत्राचे कागद तयार होतात. बहिणीने आधी वारसनोंदीच्या फेरफारात आपलं नाव लागलंय का ते पाहावं, सातबाऱ्याचा उतारा काढावा, आणि हक्कसोडपत्रात नेमके कोणते गट नंबर लिहिलेत ते वाचून घ्यावं. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करायचं तर दिवाणी दावा लावावा लागतो, आणि फसवणूक किंवा दबाव सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावरच येते.