नुसत्या ट्रेनिंगने पाठ वाचत नाही

‘अंघोळ घालताना पाठ न वाकवता गुडघ्यात वाका, योग्य पद्धत शिकली की दुखापत टळते’ हे घरी पेशंट सांभाळणाऱ्यांसाठीच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. मी बेळगावात घरोघरी वयस्क पेशंट सांभाळते. शहापूर, वडगावच्या जुन्या घरांतल्या न्हाणीत एक माणूस कसाबसा मावतो, तिथे गुडघ्यात वाकायचं कुठे? आत उतरायला पायरी, वर उंबरा, खाली साबणाने निसरडी झालेली फरशी. ओल्या अंगाला धरायला काही नसतं. आजींचा तोल गेला की त्या घाबरून आपल्या मानेलाच लोंबकळतात. माझा खांदा तसाच निखळला. महिनाभर घरी बसले, एजन्सीने एक पैसा दिला नाही. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो, आमच्यासारख्या घरोघरी काम करणाऱ्या बायकांना कोण विचारतो?

अमेरिकेत नायॉश या कामगार सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या तज्ज्ञाने 2007 मध्ये हाताने पेशंट उचलायची मर्यादा सुमारे 16 किलो सांगितली, तीही सगळं अनुकूल असेल तर. इथे सत्तर किलोचे आजोबा एकटीने उठवायचे असतात. भिंतीला पक्का दांडा, रबरी पायांची खुर्ची, पेशंटच्या कमरेला धरायचा पट्टा आणि उठवताना घरातलं दुसरं माणूस, एवढं आधी द्या. आणि अंघोळ रोज हवीच असं नाही हो, अधूनमधून अंग पुसून घेतलं तरी चालतं. एजन्सीच्या फॉर्मवर पेशंटचं जेवण, औषधं सगळं विचारतात, वजन मात्र विचारत नाहीत.